‘आधीचं लाइफच भारी होतं’ असं वाटायला लागलं तर काय करायचं?

प्रश्न विचारणारा भाऊ खानापूर तालुक्यातल्या एका गावचा, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षं होत आलीत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शनिवारी शिफ्ट सुटली की बरोबरची पोरं धाब्यावर जातात आणि मी रूमवर येऊन एकटा जेवतो. गणपतीत गावात ढोल वाजायला लागला की आत कसंतरी होतं, मंडळाचा खजिनदार होतो मी, आता मीटिंगला बोलवत पण नाहीत. आई जेवायला वाढताना विचार करून वाढते, हे याला चालेल का ते चालेल. प्रार्थना करतो, वचन वाचतो, तरी मनात येतं की आधीचं लाइफच भारी होतं. हा सैतानाचा मोह आहे का, माझा बाप्तिस्माच खोटा आहे का, आणि हे मनातनं काढायचं कसं?

भावा, बाप्तिस्म्याचं आधी घेतो, कारण रात्री झोप त्यामुळंच लागत नसणार. बाप्तिस्मा खोटा नाही. ज्यानं खरंच काही सोडलंय त्यालाच सोडलेल्याची आठवण येते, ज्यानं नुसतं नाव बदललं त्याला कसली आठवण येणार, त्याचं सगळं चालूच आहे की. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलं की माणसाला सोसवणार नाही असा मोह तुमच्यावर आलेला नाही, ते वाक्य बायबलात १ करिंथ १० मध्ये आहे, आणि त्याच्या बरोबर आधी त्यानं वाळवंटातल्या इस्राएलांची गोष्ट सांगितलीय. म्हणजे मागं वळून बघायची ओढ लागलेली माणसं त्याच्या डोळ्यासमोर होती, आणि ती मंडळीतलीच होती, बाहेरची नव्हेत. तू पहिला नाहीस. मी इतकी वर्षं नवीन विश्वासणाऱ्यांबरोबर बसतोय, बेळगावात, खानापुरात, निपाणी-चिकोडीकडं, ज्यांच्याजवळ हे बोलायला माणूस होता त्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी हे बोलून दाखवलंय.

आता दुसरी गोष्ट. तू तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावानं लिहिल्यास. धाबा, मंडळातला मान, आणि आईचं ताट. या तिन्हीला ‘जुनं जीवन’ म्हणून एकच औषध द्यायला गेलं की घोळ होतो, आणि आमच्यातले लई सेवक नेमकं तेच करतात, म्हणतात सगळं मागचं विसर, सैतानाला धमकाव, पुढं चल. धाब्याच्या बाबतीत ते थोडंफार चालेल. आईच्या बाबतीत असं म्हणणं मला चूक वाटतं, ते खाली सांगतो.

आधी धाबा. गणना ११ काढ आणि हळू वाच, मोठ्यानं वाचलास तर अजून बरं. मिसरातनं, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतनं, निघून या इस्राएली लोकांना जेमतेम वर्षभर झालंय, दुसऱ्या वर्षातला दुसरा महिना, सिनायहून मुक्काम हलून थोडेच दिवस झालेत. समुद्र दुभंगलेला यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. आणि हे लोक आपापल्या तंबूच्या दारात बसून रडतायत. कशासाठी? मासे, काकड्या, खरबुजं, भाजी, कांदे, लसूण. एवढी बारीक यादी, जशी काय बाजारची चिठ्ठी. आणि वर म्हणतात, आम्ही हे फुकट खात होतो.

फुकट! निर्गम १ मध्ये लिहिलंय त्यांच्याकडनं चिखल-विटांचं आणि शेतातलं काम किती जुलमानं करून घ्यायचे, आयुष्य कडू करून टाकलेलं. निर्गम ५ मध्ये विटांसाठी लागणारा पेंढा द्यायचा बंद केला पण विटांचा आकडा तेवढाच ठेवला, आणि आकडा भरला नाही की नायकांच्या पाठीवर फटके. ते राहू दे, नुसत्या माशांचं बघ. मिसरात मासे कुठले, तर नाईल नदीतले. आणि निर्गम १ चं शेवटचं वचन काय आहे, हिब्र्यांना जो मुलगा होईल तो नदीत टाका असा फारोचा हुकूम. तीच नदी. यांच्या आई-आज्यांनी ज्या नदीच्या नावानं ऊर बडवला त्या नदीचे मासे यांना चवीसकट आठवतायत आणि बाकी काही आठवत नाही.

इथं मला तुला मुख्य गोष्ट सांगायची आहे. ते खोटं बोलत नव्हते. कांदे खरंच होते, काकडी खरंच गोड असणार. तुझ्या धाब्यावरचं सुकं मटण पण खरंच भारी होतं, पोरांचा हसण्याचा आवाज पण खरा होता. म्हणून ‘तसलं काही नव्हतंच, सगळं वाईटच होतं’ असं स्वतःला पटवायला जाऊ नको, मन ऐकत नाही, कारण त्याला माहितीय की तू खोटं बोलालायस. आठवणीत जे आहे ते खरं आहे, पण ती अर्ध्यातच तोडलेली आहे. म्हणून ती मनातनं काढायची नाही, ती पुरी करायची. मागं ओढणारी आठवण पुरी केली की तिचा जोर जातो, दाबली की रात्री परत येते.

हे करायचं कसं ते एक उदाहरण देऊन सांगतो. निपाणीकडचा एक भाऊ, तंबाखूच्या वखारीत काम करायचा, आता आमच्यातच आहे, त्याला विचारूनच लिहितोय. विश्वासात येऊन वर्ष झाल्यावर त्याला असंच व्हायला लागलं, म्हणायचा पास्टर, शनिवार आला की हात थरथरतात, ती मजा परत नाही. मी म्हटलं सांग बघू सगळा शनिवार, पगार हातात पडल्यापासनं रविवार दुपारपर्यंत, काही गाळायचं नाही. त्यानं मजेत सुरू केलं, कोण कोण असायचे, कोण कुठलं गाणं लावायचा, भाकरीबरोबर काय मागवायचे. गाडीवरनं घरापर्यंत आला आणि बोलण्याचा वेग कमी झाला. मी विचारलं दार कोण उघडायचं? म्हणाला मुलगी. सातवीत होती तेव्हा. बायको का नाही? ती उठली की भांडण लागायचं म्हणून पोरगीच उठायची, दार उघडून भिंतीला चिकटून उभी राहायची मी आत जाईपर्यंत, मग कडी लावायची. आणि मग तो थांबला आणि म्हणाला, माझी एक चप्पल बाहेर पडलेली असायची पास्टर, ती परत दार उघडून बाहेर जाऊन ती चप्पल आत आणून ठेवायची, सकाळी शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. हे त्याला तोपर्यंत आठवलंच नव्हतं. विसरला नव्हता, तिथपर्यंत आठवण कधी जाऊच दिली नव्हती.

त्यानं ते सगळं वहीत लिहून काढलं. धाब्यावरची मजा पण लिहिली, ती गाळली नाही, आणि चप्पल पण लिहिली. शनिवारी संध्याकाळी ओढ लागली की तो ते पहिल्यापासनं शेवटपर्यंत वाचायचा, मधनं नाही. तू पण हेच कर. पगार किती होता, शनिवारी किती जायचा, गाडी कशी चालवलास, रूमवर कसा पोचलास, रविवारी किती वाजता डोळे उघडायचे, आईला फोनवर काय खोटं सांगायचास, कुणाकडनं उसने घेतलेस. रोम ६ मध्ये पौल हाच प्रश्न विचारतो, त्या वेळी ज्या गोष्टी करत होता, ज्यांची आता लाज वाटते, त्यांचं फळ तुम्हाला काय मिळालं होतं? तो विसरा म्हणत नाही बघ, हिशोब करा म्हणतो.

एक काळजी घे. हे स्वतःला झोडपून घेण्यासाठी नाही. ख्रिस्त येशूत जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही हे रोम ८ मधलं पहिलंच वचन आहे, त्या वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेव आणि मग बाकीचं लिही. आणि लिहिताना जर असं काही वर आलं की ते एकट्यानं पेलवत नाही, तर थांब, आणि विश्वासातल्या माणसाबरोबर बसून पुढचं लिही.

फोनचं पण सांगायला पाहिजे, कारण गणना ११ च्या लोकांना हा त्रास नव्हता. तुझा फोन सकाळी उठून दाखवतो, चार वर्षांपूर्वी आजच्या दिवशी, आणि फोटोत काय, तर फेटे, गुलाल, खांद्यावर हात, सगळे हसतायत. फोटो काढायची वेळच ती असते ना. त्याच रात्री नंतर काय झालं त्याचा फोटो कुणी काढत नाही. ती जुने फोटो वर आणायची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद कर, मित्रांचे स्टेटस म्यूट कर. मित्र डिलीट करू नको, नंबर ठेव, आजारी पडला तर बघायला जा, लग्नाला जा. शनिवारी रात्री नऊ ते बारा त्यांचे स्टेटस बघत रूमवर पडून राहणं मात्र बंद.

आणि स्पष्ट विचारतो, दारू किती होती? नुसती शनिवारची होती की रोजची? कारण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर अंगाला कापरं सुटतं, घाम, झोप जाते, काहींना फिट येते, भास होतात, त्यात जीव पण जाऊ शकतो. ते विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही, ते शरीराचं आहे, आणि त्याला डॉक्टर लागतो. मी अशा माणसांना आधी सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं घेऊन जातो, प्रार्थना तिथं बाकावर बसून पण करता येते. तसंच जुनी आठवण येऊन दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यातच रस नाही असं असेल तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस नंबर आहे, फुकट आहे, लाज न बाळगता लाव.

आता मंडळाचा मान. यावर लई लांब लिहीत नाही पण एक गोष्ट बघ. ‘मागील गोष्टी विसरून’ हे फिलिप्पै ३ मधलं वचन आपण दारू-सिगरेट सोडणाऱ्याला सांगतो. पण पौल त्या अध्यायात कशाबद्दल बोलतोय? पापाबद्दल नाही बोलत. आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंशाचा, हिब्र्यांचा हिब्री, नियमशास्त्रात परूशी, म्हणजे घराणं, समाज, शिक्षण, मान. चांगल्या गोष्टी. त्याला लोक ओळखत होते, त्याच्या शब्दाला वजन होतं. तो ती यादी आधी पूर्ण सांगतो, एकेक करून, आणि मग म्हणतो ख्रिस्तापुढं हे मी हानी समजलो. तेव्हा तू पण म्हण, हो, मी खजिनदार होतो, वर्गणीचा पै-पैचा हिशोब माझ्याकडं होता, लोक विश्वास ठेवत होते, ते चांगलं होतं. ते गेलं, त्याचं वाईट वाटतंय. एवढं प्रामाणिक बोललास तरच पुढचं वाक्य खरं होईल. आणि हिशोब सांभाळायची जी अक्कल देवानं दिली ती काय बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेली नाही, तुझ्या मंडळीच्या पाळकांना जाऊन सांग की मला काम द्या. नुसतं पाठीमागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवणाऱ्या तरुणाला जुनं आठवणारच.

आणि आता आई. इथं मी जरा जास्त थांबणार आहे.

घरची ओढ लागणं हे पाप नाही. गावच्या ढोलानं आत हलणं हे पाप नाही, त्या आवाजात तू लहानाचा मोठा झालास. आईनं वाढताना हात आखडता घेतला की घशात घास अडकतो, तो अडकायलाच पाहिजे, नाही अडकला तर मला काळजी वाटेल. याला दुःख म्हणतात. पौल, जो सगळं हानी समजलो म्हणाला, तोच रोम ९ मध्ये लिहितो की माझ्या भाऊबंदांसाठी माझ्या अंतःकरणात मोठा खेद आणि अखंड वेदना आहेत. अखंड म्हणतो तो. कुणी त्याला उठून म्हटलं नाही की तू मागं बघालायस.

सदोम शहर सोडताना मागं वळून बघितलं आणि मिठाचा खांब झाली, त्या लोटाच्या बायकोचं उदाहरण अशा वेळी फार पटकन काढलं जातं, मला ते आवडत नाही. प्रभू येशूनं लूक १७ मध्ये तिची आठवण करा म्हटलं ते कुठल्या बोलण्यात, तर धाब्यावर म्हणजे घराच्या गच्चीवर जो आहे त्यानं घरातलं सामान घ्यायला खाली उतरू नये, शेतातल्यानं मागं फिरू नये, असं. सामानासाठी परत जाण्याबद्दलचा तो इशारा आहे. तोच प्रभू लूक १९ मध्ये यरुशलेम शहर बघून रडला. शहराकडं बघून रडणं वेगळं आणि सामानासाठी परत वळणं वेगळं, आणि आई आठवणारा पोरगा बहुतेक वेळा पहिल्यात असतो.

तर गणपतीला घरी जायचं का? माझं मत, जा. मंडळींमध्ये यावर मतं वेगवेगळी आहेत, तुझ्या पाळकांशी बोल, पण मी माझ्या लोकांना काय सांगतो ते सांगतो. आदल्या आठवड्यातच आईशी बोल, ऐन दिवशी पाहुण्यांसमोर नाही. साध्या शब्दांत सांग की आई, मी येणार, दोन दिवस राहणार, नारळ फोडायचं-खवायचं, पाणी भरायचं, पाहुण्यांना चहा द्यायचं सगळं करणार, फक्त आरतीला उभा राहणार नाही, तेवढ्यात मी मागं गुरांकडं बघतो. तुझ्यावर राग आहे म्हणून नाही, प्रभूला शब्द दिलाय म्हणून. जेवणाचं १ करिंथ १० मध्ये चांगलं स्पष्ट आहे, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आई बिचारी विचार करून वाढते म्हणालास ना, तिला ही रेघ कुठं आहे ते कुणी सांगितलंच नाही, म्हणून ती प्रत्येक वाटी पुढं करताना घाबरते. तिला सांग. आणि घरच्यांच्या देवाला एक शब्द वाईट बोलायचा नाही, हे मी हात जोडून सांगतो. नवीन उत्साहात काही पोरं घरात जाऊन नको ते बोलतात आणि मग दार बंद होतं, आणि मग तेच पोरगं सहा महिन्यांनी माझ्यासमोर बसून म्हणतं घर आठवतंय.

बरं, विश्वासात आलं म्हणजे मराठीपण, ताट, चाल सगळं टाकायचं असं कुणी सांगितलं असेल तर ते पण मनातनं काढ. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तिथं राहून पण त्या शाकाहारीच राहिल्या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांची बायको लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर आल्या नाहीत, त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे मधली वर्षं त्या घरानं काय सोसलं असेल ते तुला आता माझ्यापेक्षा जास्त कळेल. आणि त्याच टिळकांनी अभंग आणि कीर्तन टाकून दिलं नाही, ते घेऊन ख्रिस्ताचं गायले, म्हणून आज आपल्या उपासनेत टाळ-मृदंग वाजतो. बेळगावात तर लंडन मिशनचे लोक १८२० मध्ये आले, दोनशे वर्षं होऊन गेली, इथं मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत प्रार्थना करणाऱ्या पिढ्या गेल्या. तू परका झालेला नाहीस. ढोल वाजवायला हात शिवशिवत असतील तर ख्रिसमसला आपल्याकडं वाजव, बसून राहिलेल्या ढोलाला तुझ्यासारखा वाजवणारा पाहिजेच आहे.

अजून एक, जे तू लिहिलं नाहीस पण कुणीतरी कानात घातलं असणार. ‘कुलदैवत सोडलं म्हणून असं झालं.’ पगार अडकला, बापाला शुगर निघाली, लग्न जमेना, की हे वाक्य येतं, आणि दमलेल्या माणसाला ते पटायला लागतं. यिर्मया ४४ वाच. यरुशलेम पडलंय, उरलेले लोक पळून मिसरात गेलेत (परत मिसरच!), आणि ते यिर्मयाला तोंडावर म्हणतात, आम्ही आकाशाच्या राणीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर भाकर होती, सगळं बरं होतं, ते सोडलं आणि तेव्हापासनं आमची वाताहत झाली. हाच हिशोब. यिर्मया त्यांना सांगतो की तुम्ही उलटं वाचालाय. नंतर झालं म्हणून त्यामुळंच झालं असं होत नाही, बापाची शुगर तुझ्या बाप्तिस्म्याच्या आधीपासनं रक्तात असणार, तपासली आत्ता. पण हे वाद घालून आईला पटवत बसू नको. बापाला घेऊन दवाखान्यात जा, गोळ्या वेळेवर घेतो का बघ. घरच्यांना तेवढं उत्तर पुरतं.

त्रासाच्या वेळी ही ओढ जास्त लागते हे मी नक्की सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये इथं बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना धर्मांतराविरुद्धचं बिल आलं, विधानसभेत पास झालं, त्या हिवाळ्यात कितीतरी घरप्रार्थना बंद पडल्या, आणि चांगली खंबीर माणसं मला म्हणाली, पास्टर, आधी कुणी आपल्याकडं वळून पण बघत नव्हतं, तेच बरं होतं. इब्री १० ज्यांना लिहिलं त्यांची तर मालमत्ता लुटली होती. त्यांना लेखक काय म्हणतो? पूर्वीचे दिवस आठवा. पण कुठले पूर्वीचे, तर प्रकाश मिळाल्यानंतरचे, विश्वासातले पहिले दिवस, जेव्हा तुम्ही सोसलं आणि आनंदानं सोसलं. मागं बघायचंच तर तिथं बघ. तुझा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी कोण कोण होतं, काय गायलेलं, पाण्यातनं वर आल्यावर पहिलं कुणाला मिठी मारलीस, ते पण वहीत लिही, तिकडच्या शनिवारच्या शेजारच्या पानावर. आपण वाईट दिवसांची साक्ष दहा वेळा देतो आणि प्रभूनं दिलेल्या चांगल्या दिवसांची नोंदच ठेवत नाही, मग मन बिचारं आठवणार काय?

आता मान्नाचं सांगतो, म्हणजे अरण्यात देव त्या लोकांना रोज द्यायचा त्या अन्नाचं. गणना ११ मध्ये मान्नाचं वर्णन आहे, धण्यासारखा दाणा, लोक फिरून तो गोळा करायचे, जात्यावर दळायचे, उखळात कुटायचे, भांड्यात शिजवून त्याच्या पोळ्या करायचे. रोज. म्हणजे देवाचं देणं रोज येत होतं पण त्यात दळण-कांडण होतं आणि चव रोज तीच होती. बायबल हे लपवत नाही. विश्वासात आला की रोज आनंदच आनंद असं स्टेजवरनं सांगतात त्यांनी तुझ्यासारख्या पोरांचं लई नुकसान केलंय, असं मला मनापासनं वाटतं, कारण मग साधा, कंटाळवाणा मंगळवार आला की पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय. काही चुकलेलं नाही. सकाळी एक अध्याय, कामाला जाताना प्रार्थना, संध्याकाळी थकून येणं, हेच ते दळण. अरण्यातली सगळी वर्षं ते मान्नावर जगले, कनानातलं पीक खाल्लं त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला असं यहोशवा ५ मध्ये आहे. तोपर्यंत एक दिवस पण कमी पडला नाही.

पण एक गोष्ट तुझ्या एकट्याच्या माथी मारणार नाही. मार्क १० मध्ये प्रभूनं सांगितलं की माझ्यासाठी ज्यानं घर, भाऊ, बहिणी, आई सोडली त्याला आत्ताच, याच काळात, शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया मिळतील, छळणुकीसह. ती शंभरपट आकाशातनं पडत नाहीत रे, ती आम्ही आहोत. एखादा पोरगा दोनशे पोरांचं मंडळ सोडून येतो आणि त्याला आम्ही काय देतो, तर रविवारी दोन तास आणि दारात हात मिळवून ‘प्रभू आशीर्वाद देवो’. शनिवारी रात्री तो रूमवर एकटा जेवतोय हे मंडळीत कुणालाच माहीत नसेल तर त्याच्या मोहाचा निम्मा दोष मंडळीचा आहे. जे सेवक, वडीलधारे, भगिनी हे वाचालेत त्यांना सांगतो, शनिवारी संध्याकाळी एक घर उघडं ठेवा. उपदेश नको. भाकरी, आमटी, एखादी मॅच लावा, पोरांना बसू द्या. उद्यमबागेत नि मच्छेत किती पोरं गावाकडनं येऊन रूम करून राहतात, त्यांना रविवारच्या संदेशापेक्षा शनिवारचं ताट आधी पाहिजे.

आणि समज एखाद्या शनिवारी पाय घसरला, गेलास आणि प्यालास, तर? रविवारी ये. नेमकं त्याच रविवारी ये. लाज वाटते म्हणून एक रविवार चुकवला की दुसरा चुकतो, आणि मग परत यायला महिने लागतात, हे मी लई जणांचं बघितलंय. १ योहान १ चं नववं वचन पाठ असेल तुला, पापं पदरी घेतली तर तो क्षमा करतो, ते त्याच दिवसासाठी आहे.

तू कुठल्या मंडळीत जातोस ते लिहिलं नाहीस. पाळकांना हे सगळं सांगितलंयस का, की फक्त इथंच लिहिलंयस? सांगितलं नसशील तर या आठवड्यात सांग, जमत नसेल तर मला कळव, मी त्यांच्याशी बोलतो. आणि या शनिवारी रूमवर बसू नको. आमच्याकडं खानापूर रोडला संध्याकाळी सातनंतर पाच-सहा पोरं असतातच, शिफ्ट सुटली की सरळ तिकडं ये, वही घेऊन आलास तरी चालेल, नाही आणलीस तरी चालेल, जेवण केलेलं असतंय.